शिर आणि शीर

माईंचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला कॅन्सर मला दुसऱ्यांदा वाचताना दिसला. पहिल्यांदा दिसली ती चूक. एकतीस वर्षं प्रुफं वाचून डोळ्यांना लागलेली ही खोड आहे. लग्नपत्रिका असो, नाहीतर दुकानावरची पाटी, आधी वेलांट्या आणि मग मजकूर. तर त्या दीड पानी इंग्रजी कागदावर वर लिहिलं होतं की नमुना गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा आहे, क्युरेटिंग करून, म्हणजे खरवडून काढलेला. आणि खाली वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'गर्भाशयाच्या मुखाची बायोप्सी'. एका बाईच्या, एका दिवसाच्या, एका कागदावर दोन नमुने. मग ठळक अक्षरांत निष्कर्ष: एंडोमेट्रिऑइड अ‍ॅडिनोकार्सिनोमा, ग्रेड 1. म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींचा कॅन्सर, सगळ्यात सौम्य पायरीचा.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय 61, राहायला डोंबिवलीत. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली आणि फेब्रुवारीत पुन्हा अंगावरून जायला लागलं. कोणाला बोलल्या नाहीत. 'उष्णता झाली असेल' म्हणून दीड महिना सब्जाचं पाणी पीत बसल्या. शेवटी सुनेच्या लक्षात आलं. सोनोग्राफीत अस्तर 11 मिलिमीटर निघालं. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर 4 मिलिमीटरच्या वर असेल, तर आत काय आहे ते काढून बघायचं, असा डॉक्टरांचा सरळ हिशोब आहे. क्युरेटिंग झालं, तुकडे लॅबला गेले, सहाव्या दिवशी हा कागद आला आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशनचा वार ठरला. पुढचा गुरुवार.

"लवकर सापडलंय, ग्रेड एक आहे, पिशवी काढली की सुटलो," दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे थोरले दीर. ज्या नर्सिंग होममध्ये त्यांची दोन्ही मुलं जन्मली तिथेच ऑपरेशन करायचं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

आपल्याकडे 'पिशवी काढली' हे वाक्य फार सहज बोललं जातं. दाढ काढली, केस काढले, पिशवी काढली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळात गाजलं, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायका हळहळल्या. पण त्याच बायकांत 'चाळिशी उलटली, आता ती हवीये कशाला' म्हणणाऱ्याही होत्या. असो.

मी त्या दोन नमुन्यांवर अडले होते. रात्री माझ्या मैत्रिणीच्या मुलीला फोन केला. ती पॅथॉलॉजिस्ट आहे, उपनगरातल्या एका रुग्णालयात. परकर-पोलक्यात असल्यापासून माझ्यासमोर वाढली, म्हणून मी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवते. मला वाटलं ती म्हणेल, टायपिस्टची चूक आहे, मावशी, सोडून दे. ती म्हणाली, "चूक टायपिस्टचीच असणार. जुन्या रिपोर्टवर नवा मजकूर टाकताना एक ओळ राहून जाते. पण ही ओळ राहायला नको होती."

का, ते तिने मला बरंच समजावून सांगितलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर यांची घरं शेजारी असली तरी दोघांचा कारभार वेगळा. तोंडाचा जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूपासून होतो आणि तो थोडा पुढे गेलेला असला तर बहुतेकदा शस्त्रक्रिया करतच नाहीत. किरणं आणि जोडीला केमो, हाच त्याचा मुख्य उपचार. अस्तराच्या कॅन्सरला मात्र आधी ऑपरेशन. तोंडाचा कॅन्सर आहे हे न कळता कोणी साधी पिशवी काढून टाकली, तर पुढची सगळी गणितं बिघडतात. किरणं द्यायला अवघड, रोग मागे राहिलाय का हे सांगायलाही अवघड. आणि दोन्हींत ग्रंथींचा कॅन्सर होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांसारखे दिसू शकतात. मग पी-16, इस्ट्रोजेन रिसेप्टर असे मार्कर, म्हणजे पेशीतली खुणेची प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या, लावून माणूस कुठल्या गावचा ते ठरवायचं.

आमच्या धंद्यात 'शिर' आणि 'शीर' असतं. पहिली वेलांटी असेल तर डोकं, दुसरी असेल तर रक्तवाहिनी. 'त्याची शीर कापली' आणि 'त्याचं शिर कापलं' या दोन वाक्यांत माणूस दवाखान्यात जाईल की स्मशानात, ते एका वेलांटीवर. ही गंमत मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे. त्या रात्री फोन ठेवल्यावर ती काही गमतीची वाटेना.

"ब्लॉक आणि स्लाइड घेऊन ये," डॉक्टरीणबाई म्हणाली होती. "मी बघते, पण माझं मत धरू नकोस. जी रोज फक्त गायनॅकच्या केसेस बघते तिच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे. तू राहतेस कुठे? परळला! मग मला काय विचारतेस?"

---

दादांना हे पटवायला दोन दिवस गेले. त्यांचा मुद्दा कॅन्सरचा नव्हताच, संकोचाचा होता. "नर्सिंग होमच्या आपल्या इतक्या वर्षांच्या डॉक्टर. त्यांना कसं सांगायचं, तुमच्या लॅबवर आमचा भरवसा नाही म्हणून?" सुनेच्या ओटीची साडी घ्यायला दादर पश्चिमेची चार दुकानं पालथी घालणारा हा माणूस. तिथे कोणाला वाईट वाटेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण डॉक्टरसमोर आपण सगळेच शाळेतल्या मुलांसारखे होतो. दुसरं मत हा शब्दच आपल्याला चहाडीसारखा वाटतो.

शेवटी माईच म्हणाल्या, "मी विचारते." आणि विचारलं. त्या डॉक्टरांनी निमूटपणे पॅड ओढलं, 'स्लाइड आणि ब्लॉक रिव्ह्यूसाठी द्यावेत' असं दोन ओळींत लिहून सही केली आणि गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकलतो म्हणाल्या. आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. तेवढ्याने दादा निवळले.

खरी अडवणूक लॅबच्या काउंटरवर झाली. तिथला मुलगा स्लाइड द्यायला तयार होता, ब्लॉक नाही म्हणाला. "ब्लॉक आमच्या रेकॉर्डला लागतो. आणि रिपोर्ट दिलाय ना? विश्वास नाही का आमच्यावर?" मी त्याला कागदावरची ती ओळ दाखवली. तो बघत राहिला, आत गेला, बऱ्याच वेळाने एक बाई बाहेर आल्या, त्यांनी सुधारलेला रिपोर्ट छापून दिला. 'मुखाची' ओळ गेली. एंडोमेट्रिअमची आली. माफी वगैरे काही नाही. मग अर्ज, माईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स, रजिस्टरवर सही, आणि एका पाकिटात दोन ब्लॉक, चार स्लाइड.

ब्लॉक म्हणजे काय असतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. काड्यापेटीहून लहान, प्लॅस्टिकची जाळीदार चौकट. तिच्यावर पांढरं मेण, आणि मेणात रुतलेले करड्या-तपकिरी रंगाचे बारीक कण. रव्यात पडलेल्या खड्यांसारखे. कडेला पेन्सिलीने नंबर. माईंच्या शरीरातला जो भाग गेले तीन महिने सगळ्या घराला नाचवत होता, तो एवढाच, डाळीच्या चिमटीइतका. मी तो सुपारीच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवला, डबी पर्समध्ये, पर्स पोटाशी.

एप्रिलची दुपार होती. डोंबिवलीहून दादरची फास्ट पकडली. दिव्यानंतर लेडीज डब्यात हात हलवायला जागा नाही, वर पंखे गरम हवा ढकलताहेत, आणि माझ्या डोक्यात एकच: मेण आहे ते, वितळलं तर? घाटकोपर यायच्या आत मी फोन केला. डॉक्टरीणबाई हसायलाच लागली. "मावशी, ते पॅराफिन आहे, साठ अंशांच्या आसपास वितळतं. तुझा लेडीज डबा कितीही तापला तरी तिथे आधी तू वितळशील. फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नकोस." म्हटलं, गाडी असती तर लोकलने आले असते का? समोरची टिकल्या विकणारी बाई माझ्याकडे बघून उगाच हसली. तिला वाटलं असेल, हिच्या पर्समध्ये दागिने आहेत.

---

डॉक्टरीणबाईच्या खोलीत दोन माणसांना एकाच वेळी बघता येतं असा सूक्ष्मदर्शक होता. शिकवायला वापरतात. तिने स्लाइड ठेवली आणि मला दुसऱ्या बाजूला बसवलं.

पहिल्यांदा नुसता गुलाबी-जांभळा गोंधळ दिसला. मग तिने चाक फिरवलं आणि चित्र उघडलं. गुलाबी पार्श्वभूमी, तिच्यात जांभळ्या ठिपक्यांच्या कडा असलेल्या नळ्या. जुन्या इरकली साडीचा काठ असावा तसं. तिने सांगितलं, मेणातल्या त्या तुकड्याचा चार-पाच मायक्रॉनचा पापुद्रा काढतात. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर केस उभा चिरून पंधरा-वीस पदर काढावेत तेवढा. तो पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर झेलायचा आणि मग रंगवायचा. जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. तो मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि पूर्वी तो कापडं रंगवायला वापरायचे. गुलाबी इओसिनचा. माझे वडील मिलमध्ये रंगखात्यात होते, 18 जानेवारी 1982 च्या संपापर्यंत. घरी यायचे तेव्हा नखांच्या कडा निळ्या-जांभळ्या असायच्या, कितीही घासल्या तरी. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याही असतात," आणि बोटं दाखवली.

मग गंभीर झाली. "हे बघ. या नळ्या किती नीट बांधल्यात. ग्रेड ठरवताना नळ्यांच्या ऐवजी भरीव गठ्ठे किती आहेत ते मोजतात. 5 टक्क्यांपर्यंत असतील तर ग्रेड 1, 50 च्या वर गेले तर ग्रेड 3. इथे भरीव जवळजवळ नाहीच. म्हणून त्यांनी 1 दिला. आता जवळ जाऊ." तिने लेन्स बदलली. "आता नळी विसर. पेशींच्या आतले जांभळे गोळे बघ. एक लहान, एक मोठा, शेजारचा ओबडधोबड, आणि हा बघ, चेरीएवढा ठिपका पोटात घेऊन बसलाय. घर शहाण्याचं आहे आणि आत राहणारे वेडे आहेत. हे जुळत नाही."

"मग काय आहे?"

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मला शंका आहे. शंका म्हणजे निदान नव्हे. मी दिवसात थायरॉइडपासून अपेंडिक्सपर्यंत सगळं बघते. पिशवीच्या आणि बीजकोषाच्या कॅन्सरचं वाचन करायला त्यातच बसलेला माणूस लागतो."

बाईच्या या अवयवांतच घोळ जास्त का, हे मी तिला विचारलं. तिने सांगितलेल्यातलं दोन-तीनच लक्षात राहिलंय. गरोदरपणात पिशवीच्या अस्तरातल्या पेशी कधी कधी अशा फुगतात की थेट कॅन्सर वाटावा. पेरू देशातल्या आरियास-स्टेला या पॅथॉलॉजिस्टने 1954 मध्ये ते लिहून ठेवलं नसतं तर कितीतरी निरोगी बायकांच्या पिशव्या गेल्या असत्या. बीजकोषातली गाठ कधी कधी तिथली नसतेच, जठरातून किंवा अपेंडिक्समधून येऊन भाडेकरूसारखी राहिलेली असते. अस्तराची नुसती वाढ, बिघडलेली वाढ आणि सुरुवातीचा कॅन्सर या एकाच उतारावरच्या पायऱ्या, आणि पायरी कुठे संपते यावर दोन शहाण्यांचं एकमत होईलच असं नाही. महिन्यागणिक बदलणारा अवयव आहे. तारीख न सांगता पाठवलेला तुकडा वाचणं म्हणजे पान नंबर नसलेलं हस्तलिखित लावणं.

तिने एक आकडाही सांगितला आणि मी तो डायरीत टिपून ठेवला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या स्लाइड उपचाराआधी पुन्हा वाचतात. 1999 मध्ये त्यांनी 6171 रुग्णांचा हिशोब छापला. त्यातल्या 86 जणांचं निदान उपचार किंवा भवितव्य बदलेल इतकं बदललं, म्हणजे 1.4 टक्के. पण स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या बाबतीत तेच प्रमाण 5.1 टक्के होतं. विसात एक. उरलेल्या एकोणीस जणींना तोच कागद पुन्हा मिळतो, तेच नाव, आणि त्यांनी आठ दिवस उगाच घालवले असं घरचे म्हणतात. मी मनात म्हटलं, मुद्रितशोधकाची नोकरी हीच तर आहे. छपाईचे वीस फॉर्म निर्दोष निघतात म्हणून एकविसावा न वाचता छापायचा नसतो. पण हेही खरं की विसातली एक आपणच असू, असं त्या खुर्चीत बसून कोणालाच वाटत नाही.

---

परळमध्ये राहणाऱ्यांना 'टाटा' ही इमारत नसून हवामान आहे. 28 फेब्रुवारी 1941 ला ती सुरू झाली. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून तिच्या फुटपाथवर चटया अंथरलेली माणसं पाहत आलेय. बंगाल, बिहार, मराठवाडा. नाकात नळी, डोक्याला रुमाल, हातात फाइल. आम्ही त्यांच्यातून वाट काढत भाजी आणायला जायचो. कोणी पत्ता विचारला की सांगायचो, गाडगे महाराजांची धर्मशाळा कुठे तेही सांगायचो. पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून फाइल घेऊन शिरले तेव्हा बाहेर आमच्याच वाडीतली एक ओळखीची दिसली आणि मी पदर सावरून मान वळवली. कशाची लाज वाटली, आजही सांगता येत नाही.

याच परिसरात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी काम केलं. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. त्यांचा 1945 चा एक निबंध आहे, लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांच्याबद्दलचा. त्यात कमरेला घट्ट काचणाऱ्या धोतराने त्याच जागी होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची नोंद आहे. सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून, हा माणूस धोतर कसं नेसतो, असं विचारणारा डॉक्टर मला फार जवळचा वाटला. आमचे जुने संपादकही शंका आली की लेखकाला बोलावून विचारायचे, तुमच्या गावी हा शब्द कसा बोलतात?

रांगेत माझ्या पुढे लातूरकडची एक मुलगी होती, बत्तिशीची, नवऱ्याबरोबर. मूल नव्हतं. मूल राहत नाही म्हणून तपासण्या करताना क्युरेटिंग झालं आणि कॅन्सर म्हणून सांगितलं. गावाकडे पिशवी काढायची तारीखही मिळाली होती. इथे स्लाइड पुन्हा वाचल्या तेव्हा, कॅन्सर नाही, पण अस्तराची बिघडलेली वाढ आहे असं निघालं. आता हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करणार होते, काही महिन्यांनी पुन्हा तुकडा बघणार. "म्हंजे अजून हाय माझ्याजवळ," ती म्हणाली आणि ओटीपोटावर हात ठेवला. नवरा खिडकीकडे बघत होता. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण खरं सांगते, तिचं ऐकून मी मनातल्या मनात माईंचाही निकाल तसाच लावून टाकला. दुसरं मत घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस मुकाट हेच मागत असतो: खोडा ते नाव. बदला म्हणत नाही, खोडा म्हणतो.

आठव्या दिवशी रिपोर्ट मिळाला. नाव खोडलेलं नव्हतं. बदललं होतं. सिरस कार्सिनोमा.

---

जुन्या ब्लॉकमधून नवे पापुद्रे काढून त्यांवर मार्कर लावले होते. पी-53 नावाचं एक प्रथिन असतं. पेशी बिघडली तर तिला थांबवणारा पहारेकरी. साध्या अस्तरात त्याचा तपकिरी रंग कुठे गडद, कुठे फिका, कुठे नाहीच, असा विखुरलेला येतो. माईंच्या तुकड्यात झाडून सगळ्या पेशी गडद तपकिरी. सगळ्या गडद तरी वाईट आणि एकही रंगलेली नाही तरी वाईटच, असा या मार्करचा उलटा न्याय आहे. अस्तराच्या कॅन्सरमधल्या साधारण दहात एकीचा हा प्रकार, पण मोठा खोडकर. पिशवीत हरभऱ्याएवढा असतानाच पोटाच्या पडद्यावर बिया टाकून येऊ शकतो. त्याला ग्रेड 1 नसतोच. तो जन्मतः वरच्या वर्गात बसतो.

म्हणजे गुरुवारी डोंबिवलीत काय झालं असतं? पिशवी आणि बीजकोष निघाले असते, टाके आठ दिवसांत सुटले असते आणि आम्ही पेढे वाटले असते. कदाचित काढलेल्या पिशवीच्या तपासणीत तेव्हाही खरं नाव कळलं असतं. कळलंही नसतं. कळलं असतं तरी पोट पुन्हा उघडावं लागलं असतं, लसिका ग्रंथी आणि आतड्यांवरची चरबीची झालर तपासायला.

पहिल्या लॅबला मी खूप दोष दिला त्या दिवसांत. आता तेवढा देत नाही. त्यांच्या टायपिंगची चूक एक आणि वाचनाची चूक दुसरी. मी पहिली पकडली, दुसरी पकडण्याची माझी पात्रताही नव्हती, आणि पहिल्या चुकीचा दुसरीशी काही संबंधही नव्हता. नुसता योगायोग. ती ओळ बरोबर छापली गेली असती तर माझं डोकं ठिकाणावर राहिलं असतं आणि गुरुवारी मी डबा घेऊन नर्सिंग होममध्ये गेले असते. हे मात्र रात्री मधेच आठवतं.

आणि दुसरं वाचन म्हणजे देववाणी असंही नाही. मला तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं की दोन वाचनं जुळली नाहीत तर ती केस घेऊन सर्जन, किरणोपचारवाले, केमोवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एका खोलीत बसतात, स्लाइड पडद्यावर लावतात आणि भांडतात. 'भांडतात' हा त्याचाच शब्द. मला तो ऐकून फार धीर आला.

दादांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपणच जाऊन वाईट करून आणलं." मी काही बोलले नाही. रोग जो होता तोच होता, हे त्यांनाही कळत होतं. पण ग्रेड 1 या अक्षरांत त्यांनी आठ दिवस संसार थाटला होता, तो मी उठवला होता.

माई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"नाव बदललं म्हणे."

"हो."

"माझंही बदललं होतं की. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने लिहिलं. मला वाचताच येईना, डोळ्यांत पाणी आणि तांदूळ हलत होते. तुमच्या भाऊंनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं मी आता कोण ते." त्यांनी झाकण उचलून भात बघितला. "चाळीस वर्षं झाली. पण अजून कोणी माहेरच्या नावाने हाक मारली की मी आधी तिकडेच बघते. आता ह्याचं काय ते नवं नाव, ते पुन्हा सांग. नीट सांग. मला बरोबर म्हणता आलं पाहिजे."

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. पहिल्यांदा 'सिरप' म्हणाल्या.

---

ऑपरेशन मे महिन्यात झालं, कॅन्सरच्या सर्जनकडे. पिशवी, बीजकोष, लसिका ग्रंथी, झालर. झालरीत एका जागी पेशी सापडल्या. मग तीन-तीन आठवड्यांनी सहा केमो, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. दुसऱ्या केमोनंतर केस गेले. तिसऱ्या वेळी हिंदमाताला पाणी भरलं होतं आणि टॅक्सीवाला पुढे जाईना, तेव्हा माई माझ्या खांद्याला धरून घोटाभर पाण्यातून चालत आल्या आणि माझ्या घरी येऊन पहिल्यांदा स्वतःच्या चपला धुतल्या. चवथ्यानंतर पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, त्या अजून आहेत. परवा सहावी झाली. आता स्कॅन.

ब्लॉक परत मिळाले. सांभाळून ठेवा म्हणून सांगितलंय. पुढे लागलंच तर याच तुकड्यावर हर-टू नावाची तपासणी करता येईल, त्यावर आणखी एक औषध ठरतं. मी ते त्याच सुपारीच्या डबीत ठेवलेत, कपाटात, आगगाडीच्या जुन्या पासांशेजारी.

सहाव्या केमोनंतर माई दोन दिवस माझ्याकडे होत्या. दुपारी पडल्या पडल्या म्हणाल्या, "ते तुझ्या डबीतलं दाखव ना मला. सगळ्यांनी बघितलं, मीच नाही."

मी एक स्लाइड काढून दिली. त्यांनी उठून खिडकीशी जाऊन ती उजेडात धरली. काचेच्या मध्यावर फिकट गुलाबी शिंतोडे, अबोली चुरगळून टाकावी तसे. बराच वेळ बघत राहिल्या. मग काच उलटी करून कडेचा कागद वाचला.

"ह्यावर माझं नाव नाही?"

"नाही. नंबर असतो नुसता."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि ती कापसात नीट बसवून डबी माझ्याकडे दिली. "चहा टाक. आलं जास्त घाल, मला चव लागत नाही अजून."